सेंट लुईसच्या तेहतीस इमारती का पाडाव्या लागल्या

सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या उंच इमारतींचा विषय निघाला की एक फोटो हमखास पुढे येतो. अकरा मजली इमारत मधोमध मोडून खाली बसते आहे, धुळीचा लोट उठला आहे आणि मागे तशाच्या तशा आणखी इमारती उभ्या आहेत. फोटो अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला, १९७२ सालचा. वसाहतीचं नाव प्रूइट-आयगो. तेहतीस इमारती, प्रत्येकी अकरा मजले, एकूण २,८७० घरं. पहिली कुटुंबं १९५४ मध्ये राहायला आली आणि १९७६ संपेपर्यंत तिथे एकही इमारत उरली नव्हती. आपल्याकडे शंभरी गाठलेल्या चाळींत अजून माणसं नांदतात. तिथे मात्र सिमेंट-काँक्रीटच्या भक्कम इमारतींना पंचविशीही बघायला मिळाली नाही.

या फोटोवरून दोन निष्कर्ष काढायची लोकांना सवय आहे. पहिला, गरिबांना उंच इमारतींत ठेवूच नये. दुसरा, स्वस्तात घर मिळालं की माणसाला त्याची किंमत राहत नाही. माझ्या मते पहिला निष्कर्ष अर्धवट आहे आणि दुसरा तर सरळसरळ अन्याय आहे. त्या वसाहतीची कहाणी नीट पाहिली तर दिसतं ते असं: इमारती बांधायला पैसा कुठून येणार हे कायद्याने ठरवलं होतं, पण त्या पुढची पन्नास वर्षं चालवायला पैसा कुठून येणार, याचा हिशेब एका भलत्याच गृहीतकावर उभा होता. ते गृहीतक कोसळलं, आणि इमारती त्यामागून कोसळल्या.

आधी तिथे काय होतं

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सेंट लुईसमध्ये शहराच्या मध्यभागाला लागून जुन्या, पडक्या घरांचे मोहल्ले होते. एकेका खोलीत पाच-सहा माणसं, संडास अंगणात, हिवाळ्यात कोळशाची शेगडी. राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय. दक्षिणेतल्या शेतांवरून कामाच्या शोधात आलेली कुटुंबं. शहराच्या कारभाऱ्यांना ही वस्ती हटवायची होती, त्यात गरिबांची कणव होती तशीच मोक्याच्या जागेची ओढही होती.

१९४९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने घरबांधणीचा मोठा कायदा केला. झोपडपट्ट्या हटवायला केंद्राचा पैसा आणि देशभर ८,१०,००० सरकारी घरं, असा त्याचा आवाका होता. सेंट लुईसने लगेच हात पुढे केला. ५७ एकरांची जागा मोकळी केली गेली. आराखडा मिनोरू यामासाकी या तरुण वास्तुविशारदाला मिळाला. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पुढे याच माणसाने उभारले.

वसाहतीच्या नावातच त्या काळचा अमेरिकन समाज दिसतो. वेंडेल प्रूइट हा सेंट लुईसचा कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिक, महायुद्धात नाव कमावलेला. विल्यम आयगो हे गोरे माजी खासदार. मूळ बेत असा की प्रूइट भागात काळे राहतील आणि आयगो भागात गोरे. इमारती पूर्ण होईतो न्यायालयाने सरकारी घरांतली ही वर्णानुसार विभागणी बेकायदा ठरवली. कागदावर दोन्ही भाग सर्वांना खुले झाले. गोऱ्या कुटुंबांनी मात्र पाठ फिरवली आणि थोड्याच वर्षांत वसाहत जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीयांची झाली.

सुरुवातीच्या रहिवाशांच्या आठवणी आनंदाच्या आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं. स्वतःची न्हाणी, नळाला गरम पाणी, मुलांना निजायला वेगळी खोली, खिडकीतून लांबवर दिसणारं शहर. १९५७ मध्ये ९१ टक्के घरं भरलेली होती. त्या लोकांना उंच इमारतीत राहायचं नव्हतं, असं म्हणायला काहीही आधार नाही.

काटकसरीची लिफ्ट

यामासाकीच्या पहिल्या आराखड्यात सगळ्याच इमारती उंच नव्हत्या. काही ठेंगण्या, काही मध्यम, काही उंच आणि मध्ये झाडं, अशी मांडणी होती. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने घरटी खर्चाची मर्यादा पुढे केली आणि सगळ्या इमारती सारख्या अकरा मजली करायला लावल्या. त्यात कोरियाचं युद्ध चालू होतं, साहित्य महागलं होतं, सेंट लुईसमधले बांधकामाचे दर तर देशाच्या सरासरीच्या खूपच वर होते. मग कात्री लागली. झाडं गेली. मुलांना खेळायची जागा गेली. तळमजल्यावरचे सार्वजनिक संडास गेले. ज्या वसाहतीत निम्म्याहून जास्त रहिवासी मुलं होती, तिथे खाली खेळणाऱ्या पोराला लघवी लागली तर त्याने थेट वर आपल्या घरापर्यंत जायचं होतं. पुढे लिफ्टला घाण वास येतो म्हणून रहिवाशांना नावं ठेवली गेली. त्या वासाचं मूळ नकाशातून खोडलेल्या संडासात होतं.

दाराच्या मुठी आणि कुलपं इतकी हलकी होती की काही पहिल्यांदा वापरतानाच तुटली. स्वयंपाकघरातली कपाटं पातळ प्लायवुडची. खिडक्यांच्या चौकटी एवढ्या कमकुवत, की वाऱ्याच्या जोराने काचा निखळायच्या. ही सगळी बचत पहिल्या दिवशीची होती. तिची किंमत पुढे दर महिन्याला डागडुजीच्या रूपात मोजावी लागणार होती.

लिफ्टचं उदाहरण जरा बारकाईने पाहू, कारण पूर्ण गोष्ट त्यात आहे. प्रूइट-आयगोमधली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. ती पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबे. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्या हिशेबाने. बाकीच्यांनी एक मजला चढायचा किंवा उतरायचा. लिफ्टचे दरवाजे कमी, यंत्रणा कमी, पैसे वाचले. ज्या मजल्यांवर लिफ्ट थांबे तिथे रुंद, लांबलचक गॅलरी ठेवली होती. तिथे मुलं खेळतील, बाया कपडे धुतील, शेजार जमेल, अशी कल्पना. त्या वेळच्या वास्तुकलेच्या मासिकांनी या युक्तीचं कौतुक केलं.

प्रत्यक्षात काय झालं? पाचव्या मजल्यावरच्या बाईला बाजारातून आल्यावर चौथ्या मजल्यावर उतरून गॅलरीतून जिन्याकडे जावं लागे. गॅलरी कुणाच्याच दारासमोर नव्हती, कुणाच्याच खिडकीतून दिसत नव्हती. आपल्या चाळीतल्या गॅलरीत प्रत्येक दार उघडं असतं, आत-बाहेर करणाऱ्यावर दहा डोळे असतात. इथे रुंद जागा होती, पण तिच्यावर नजर कुणाचीच नव्हती. दिवे फुटले आणि बदलले गेले नाहीत, तेव्हा तीच गॅलरी आणि तोच जिना लुटारूंना सोयीचा झाला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर दुरुस्तीवाला येईतो माणसं आत.

ही रचना वाईट होती, यात वाद नाही. पण वाईट रचनेची इमारतसुद्धा दुरुस्त करता येते. सिंगापूरने ते करून दाखवलं, त्याबद्दल पुढे येईलच. सेंट लुईसला ते का जमलं नाही, हा खरा प्रश्न.

भाड्यातून भागवा

आता जमाखर्च. अमेरिकेच्या १९३७ च्या कायद्यापासून सरकारी घरांची पद्धत अशी होती: शहराचं गृहनिर्माण प्राधिकरण कर्जरोखे काढून इमारत बांधणार, त्या रोख्यांचं मुद्दल आणि व्याज केंद्र सरकार वर्षानुवर्षं फेडणार. म्हणजे इमारत जवळजवळ केंद्राच्या पैशाने उभी राहणार. मात्र ती चालवायचा खर्च, म्हणजे लिफ्ट, वाफेची हीटिंग यंत्रणा, सफाई, दुरुस्ती, पहारा, कर्मचाऱ्यांचे पगार, हा सगळा भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा.

ऐकायला हे रास्त वाटतं. अडचण अशी, की त्याच कायद्यांनी भाडेकरू कोण असावा हेही ठरवलं होतं. खासगी बिल्डर आणि घरमालकांच्या संघटनांचा सरकारी घरांना कडाडून विरोध होता. त्यांची समजूत काढायला उत्पन्नाची मर्यादा घातली गेली. सरकारी घराचं भाडं आणि बाजारातलं सर्वांत कमी भाडं यांत किमान २० टक्क्यांचं अंतर हवं, असाही नियम झाला. कुणाला बढती मिळाली, घरात दुसरा कमावता झाला, उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलं, की घर सोडावं लागे. म्हणजे भाडं नियमित भरू शकणारी, वसाहतीत चार गोष्टी धरून ठेवणारी कुटुंबं नियमानेच बाहेर काढली जात होती. उरत होती ती सर्वांत गरीब, आणि खर्च त्यांच्याच भाड्यातून भागवायचा होता.

समजा, शंभर घरांची एक इमारत आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सफाई, रखवालदार, दुरुस्ती असा खर्च महिन्याला एक लाख रुपये येतो. घरटी हजार. आता तीस कुटुंबं निघून गेली. लिफ्टचं कंत्राट तीस टक्क्यांनी कमी होत नाही. गच्चीतून गळणारं पाणी तेवढंच गळतं. उलट रिकाम्या घरांतले नळ चोरीला जातात, काचा फुटतात, खर्च वाढतोच. लाखच धरले तरी उरलेल्या सत्तर घरांवर प्रत्येकी चौदाशेच्या वर बोजा येतो. ज्यांना एवढे देणं शक्य आहे ते म्हणतात, मग दुसरीकडे काय वाईट? आणि तेही जातात. ज्यांना शक्य नाही ते थकबाकीत जातात. पैसे नाहीत म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून आणखी घरं रिकामी. चक्र एकदा सुरू झालं की त्याला इमारतीच्या आतून लगाम घालता येत नाही. बाहेरून पैसा आला तरच ते थांबतं.

शहरच रिकामं झालं

घरं रिकामी होण्याचं मोठं कारण वसाहतीच्या कुंपणाबाहेर होतं. प्रूइट-आयगोची आखणी झाली तेव्हा सेंट लुईसची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या वर होती आणि ती दहा लाखांकडे जाईल, जागा कमी पडेल, असं कारभाऱ्यांनी धरून चाललं होतं. १९७० मध्ये ती ६,२२,००० वर आली. २०२० च्या जनगणनेत जेमतेम तीन लाख. ज्या शहरात माणसांना जागा मिळणार नाही म्हणून उंच इमारती बांधल्या, तिथे माणसंच उरली नाहीत.

माणसं गेली कुठे? उपनगरांत. नवे महामार्ग, स्वतःची गाडी आणि सरकारी हमीची गृहकर्जं यांच्या जोरावर गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं शहराबाहेर स्वतःच्या घरांत गेली. ही कर्जं देताना कृष्णवर्णीय वस्त्या जोखमीच्या ठरवल्या जात. त्यामुळे सरकारी मदतीचा एक हात गोऱ्यांना उपनगरात घर घेऊन देत होता आणि दुसरा काळ्यांना शहराच्या मध्यात भाड्याच्या इमारतींत बसवत होता. काळ्यांना घर विकायचं नाही असे करार गोरे मालक आपापसांत करत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करार अमलात आणायला नकार दिला, तो खटलाही सेंट लुईसमधल्याच एका घराचा होता. तरी उपनगरांची दारं उघडली नाहीत. १९७० मध्ये ब्लॅक जॅक नावाच्या वस्तीने स्वतःची वेगळी नगरपालिका स्थापन केली आणि बहुमजली भाड्याची घरं बांधायला बंदी घातली. मिश्र वर्णाच्या रहिवाशांसाठी एक प्रकल्प येऊ घातला होता, तो रोखायला.

१८७६ मध्ये सेंट लुईस शहर आपल्या काउंटीपासून, म्हणजे जिल्ह्यापासून, कायद्याने वेगळं झालं होतं. तेव्हा हद्द आखली ती कायमची. त्यामुळे ऐंशी-नव्वद वर्षांनी लोक आणि दुकानं हद्दीपलीकडे गेली, तेव्हा शहराला आजूबाजूची गावं सामावून घेता आली नाहीत. आपल्याकडे महापालिकेची हद्द वाढते, गावं आत येतात, करही येतो. तिथे तो मार्ग बंद होता. घरपट्टी देणारे गेले, कारखाने गेले, आणि ज्यांना सरकारी मदतीची सर्वांत जास्त गरज ते शहराच्या वाट्याला राहिले.

बाप घरात नको

आणखी एक नियम सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. गरीब मुलांसाठी जे सरकारी अर्थसाहाय्य मिळायचं, ते धडधाकट पुरुष घरात राहत असेल तर बंद व्हायचं. काम गेलेल्या बापाने घरात थांबायचं की मुलांच्या ताटात अन्न पडावं म्हणून निघून जायचं, अशी निवड कुटुंबांपुढे ठेवली गेली. पुष्कळ बाप गेले. काही रात्री लपूनछपून यायचे, आणि अधिकारी तपासणीला आले की कपाटात लपायचे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा नियम मोडीत काढला, तोवर पुष्कळ घरं मोडली होती. प्रूइट-आयगोत एकट्या बायका आणि त्यांची मुलं एवढी का, असं विचारणाऱ्यांनी आधी हा नियम वाचावा.

याच बायकांनी पुढे लढा दिला. प्राधिकरणाचा खड्डा वाढत गेला तसं भाडं पुन्हा पुन्हा वाढवलं गेलं. काही कुटुंबं उत्पन्नाचा निम्मा, काही त्याहूनही जास्त हिस्सा भाड्यात घालत होती. फेब्रुवारी १९६९ मध्ये सेंट लुईसच्या सरकारी वसाहतींमधल्या भाडेकरूंनी भाडं द्यायचं थांबवलं. जीन किंग यांच्यासारख्या भाडेकरू बायका आणि बक जोन्स हे धर्मोपदेशक पुढे होते. संप सुमारे नऊ महिने चालला. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली, भाडी कमी झाली, कारभारात भाडेकरूंना जागा मिळाली.

त्याच वर्षी एडवर्ड ब्रुक या कृष्णवर्णीय सिनेटरने मांडलेली दुरुस्ती संसदेत मंजूर झाली: सरकारी घराचं भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही, कमी पडेल ते केंद्र भरून देईल. पुढे हा आकडा ३० टक्के झाला आणि आजही अमेरिकेत सरकारी घरांचं भाडं याच हिशेबाने ठरतं. नव्या पिढीतल्या लाखो भाडेकरूंना माहीतही नसेल, पण त्यांच्या भाड्यावरची ही मर्यादा आणायला सेंट लुईसच्या बायकांनी हातभार लावला आहे. प्रूइट-आयगोच्या वर्णनांत फुटक्या काचा भरपूर असतात. या संपाला एखादी ओळ मिळाली तर मिळाली. मला याचा मनापासून राग येतो.

भाडं कमी झालं, तरी ते भरून काढणारा केंद्राचा पैसा सुरुवातीला अपुरा आणि उशिरा आला. प्रूइट-आयगोसाठी वेळ निघून गेली होती. १९७० च्या हिवाळ्यात पाइप गोठून फुटले, सांडपाणी जिन्यांवरून वाहिलं आणि तिथेच गोठलं. १९७१ मध्ये तेहतीसपैकी सतरा इमारतींत मिळून सुमारे सहाशे माणसं उरली होती. बाकीच्या सोळांना फळ्या ठोकल्या होत्या.

१६ मार्च १९७२ ला पहिली इमारत सुरुंगाने उडवली. आधी काही इमारती पाडून, काहींचे मजले कमी करून वसाहत वाचवायचा विचार होता. तो सोडून दिला आणि सगळंच पाडायचं ठरलं. चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने हा पाडाव म्हणजे आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू असल्याचं जाहीर केलं आणि ते वाक्य इतकं गाजलं की दोष नकाशावर कायमचा चिकटला. भाड्याचा नियम, उत्पन्नाची मर्यादा, उपनगरांची बंद दारं, ही सगळी मंडळी सुटली.

मग उंचीचा दोष किती?

दोष उंचीचाच असता तर तो सगळीकडे दिसायला हवा होता. रस्त्यापलीकडे कार स्क्वेअर ही १९४२ ची दोन-तीन मजली सरकारी वसाहत होती. तिथले रहिवासी साधारण तसेच गरीब, तरी प्रूइट-आयगो ओस पडत असताना ती भरलेली राहिली. हा दाखला उंचीविरुद्ध जातो, तो लपवायचं कारण नाही. ठेंगण्या घराला लिफ्ट लागत नाही, दाराबाहेरची जागा आपोआप कुणाची तरी होते, दुर्लक्ष झालं तरी ते बराच काळ तग धरतं. उंच इमारतीला दुर्लक्ष सोसत नाही.

पण त्याच शहरात त्याच वास्तुविशारदांच्या कंपनीने बांधलेली कॉक्रन गार्डन्स ही बारा मजल्यांपर्यंतची वसाहतही होती. तीही साठच्या दशकात घसरली होती. १९७० च्या दशकात बर्था गिल्की या तिथेच वाढलेल्या तरुणीच्या पुढाकाराने भाडेकरूंनी कारभार स्वतःकडे घेतला. धुण्याची खोली, जिने, कुलपं इथून सुरुवात केली, मजल्यावार जबाबदाऱ्या वाटल्या, नियम लावले, आणि दुरुस्तीला पैसाही मिळवला. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश ती वसाहत बघायला आले. पुढे कारभार भाडेकरूंच्या हातून गेला, घरं पुन्हा रिकामी झाली आणि त्याही इमारती पाडल्या गेल्या. मधली वीस वर्षं मात्र खोटी नव्हती.

न्यूयॉर्कमधल्या उंच सरकारी इमारतींत आजही लाखो माणसं राहतात, दुरुस्तीच्या तक्रारी कितीही असल्या तरी. शिकागोत उलट. तिथले रॉबर्ट टेलर होम्स हे सोळा मजल्यांचे अठ्ठावीस मनोरे १९६२ मध्ये पूर्ण झाले आणि २००७ पर्यंत सगळे पाडले गेले. रॉबर्ट टेलर हे शिकागो गृहनिर्माण प्राधिकरणाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. सरकारी घरं शहरभर, गोऱ्या वस्त्यांतही बांधावीत असा त्यांचा आग्रह होता. नगरसेवकांनी तो मानला नाही म्हणून १९५० मध्ये त्यांनी पद सोडलं. ते गेल्यावर, ज्या प्रकारच्या एकगठ्ठा वसाहतीला त्यांचा विरोध होता तशाच वसाहतीला त्यांचं नाव देण्यात आलं.

आणि सिंगापूर. १९६० मध्ये तिथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं आणि आज देशातले पाऊणशे टक्क्यांहून जास्त रहिवासी त्या मंडळाच्या इमारतींत राहतात, बहुतेक सगळ्या उंच. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट तिथेही ठरावीक मजल्यांवरच थांबत. पैसे वाचवायची तीच युक्ती. लोक म्हातारे होऊ लागले, गुडघे बोलू लागले, तेव्हा २००१ पासून सरकारने हजारो इमारतींमध्ये लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबेल अशी सुधारणा हाती घेतली. ७५ टक्के घरांनी होकार द्यायचा आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा. तिथे मध्यमवर्गही याच इमारतींत राहतो, घरं मालकीची असतात, दर महिन्याला देखभालीची रक्कम भरावी लागते आणि त्यातला हिस्सा मोठ्या दुरुस्त्यांच्या सिंकिंग फंडात टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या सरकारचा करडेपणा सगळ्यांना रुचणारा नाही, पण लिफ्ट चालू आहे.

आणि वरळी

हे सगळं मराठी वाचकाने आत्ता वाचायला हवं, कारण मुंबई नेमक्या त्याच वळणावर आहे. बीडीडी चाळी या इंग्रज सरकारने शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या सरकारी घरांच्याच इमारती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशेहून जास्त. तळमजला अधिक तीन, १६० चौरस फुटांच्या खोल्या. त्या पाडून आता वरळीत चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या १६० फुटांत काढलेल्या माणसाला स्वतःची न्हाणी आणि दोन खोल्या मिळाल्याचा आनंद कुणी हलका लेखू नये. झोपडपट्टी पुनर्वसनातही गेली तीस वर्षं हेच चाललं आहे: बैठ्या वस्तीतून वरच्या मजल्यावर.

मुंबईची जमीन सोन्याच्या भावाची आहे, सेंट लुईससारखी ती ओस पडणार नाही, आणि इथली घरं मालकीची आहेत. हे दोन्ही फरक मोठे आहेत. खर्चाचं गणित मात्र तेच. चाळीत महिन्याला जे भाडं होतं ते नाममात्र होतं. चाळीस मजल्यांना अनेक लिफ्ट, पाणी चढवणारे पंप, वीज गेल्यावर चालणारा जनरेटर आणि आगीसाठी स्वतंत्र पंप-पाइप लागतात. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. हे सगळं निवृत्त गिरणी कामगाराच्या, पोलीस शिपायाच्या विधवेच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मेंटेनन्समधून निघायचं आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डरने घरटी काही रक्कम कॉर्पस फंड म्हणून ठेवायची असते, तिच्या व्याजातून देखभाल चालावी अशी अपेक्षा. व्याजाचे दर उतरतात, लिफ्टचे सुटे भाग महागतात, आणि मग मेंटेनन्स थकतो. सातव्या मजल्यावरची आजी खाली उतरायचं बंद करते.

म्हणून पुनर्विकासाच्या सभेत चटईक्षेत्रावर आणि पार्किंगवर जेवढा वाद होतो, तेवढाच या गोष्टींवर व्हायला हवा. कॉर्पस घरटी किती, आणि तो सोसायटीच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा होणार? त्याचं वर्षाचं व्याज आणि इमारतीचा वर्षाचा खर्च, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिलेला कागद द्या म्हणावं. लिफ्ट किती, कोणत्या कंपनीच्या, आणि वॉरंटी संपल्यावर त्यांच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट किती रुपयांचं? विक्रीच्या इमारतीला आणि आपल्या इमारतीला एकाच दर्जाच्या लिफ्ट आहेत का? सामायिक दिव्यांसाठी आणि पंपांसाठी गच्चीवर सौर पॅनेल करारात आहेत की नुसती माहितीपत्रकात? ज्यांना मेंटेनन्स परवडणार नाही अशी किती घरं आहेत, आणि त्यांची तूट कोण भरणार? उत्तरं तोंडी घेऊ नयेत. करारनाम्याच्या परिशिष्टात, आकड्यांसकट, सही-शिक्क्याने घ्यावीत, आणि ती सहीच्या आधी घ्यावीत.